मोबदल्याचे ९ लाख आणि म्युच्युअल फंडाचे प्रकार: शेतकऱ्याने कुठला घ्यावा?

धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या एका शेतकरी भावाने विचारलं आहे. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "समृद्धी महामार्गात गेलेल्या वावराच्या मोबदल्यातले ९ लाख एफडीत ठेवले होते. ती एफडी आता सुटते आहे. मागे ७ एकर उरलं. कापूस, तूर, सोयाबीन घेतो. विहीर आहे, पण उन्हाळ्यात तळ गाठते. पीककर्ज दरवर्षी मुदतीत भरतो. कृषी केंद्राची ७० हजारांची उधारी आहे, शेकडा दोनाने. मुलगी नववीत आहे, बायको अंगणवाडी सेविका. बँकेतले साहेब बॅलन्स्ड अ‍ॅडव्हांटेज घ्या म्हणतात, पुण्याचा भाचा स्मॉल कॅप म्हणतो. सासरे म्हणतात, युनिट चौसष्टमध्ये हात पोळले, या भानगडीत पडूच नका. एवढ्या प्रकारांतून आमच्यासारख्याने निवडायचं तरी काय?"

भाऊ, आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी तालुक्याच्या गावी बसणारा नोंदणीकृत फंड वितरक आहे. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, भाषेत मी 'सल्लागार' नाही. माझ्यामार्फत कोणी फंड घेतला की फंड कंपनी मला वर्षानुवर्षं कमिशन देते, आणि ते शेवटी घेणाऱ्याच्याच पैशातून जातं. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा. बँकेतल्या साहेबांचं ऐकतानाही तेवढंच ध्यानात असू द्या.

सासऱ्यांचं म्हणणं उडवून लावू नका. युनिट ६४ ही योजना १९६४ साली निघाली. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, सगळ्यांनी ती सरकारी म्हणून घेतली, आणि जुलै २००१ मध्ये तिची खरेदी-विक्रीच थांबवली गेली. तिची गोम अशी, की युनिटचा भाव ही योजना चालवणारी युटीआय संस्था स्वतः जाहीर करायची. आत ठेवलेल्या शेअरांची त्या दिवशी काय किंमत आहे, याच्याशी तो भाव बांधलेला नव्हता. आत माल कमी आणि पाटीवर भाव जास्त, असं झालं. आता प्रत्येक फंडाला रोज संध्याकाळी आतल्या मालाची किंमत मोजून एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, जाहीर करावी लागते. त्यामुळे तोटा झाकून ठेवता येत नाही. तोटा होतो मात्र, आणि तो कुठल्या प्रकारात किती होऊ शकतो हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे.

माझ्याकडे येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "कोणता फंड जास्त देतो?" मी उलटा विचारतो, "हा पैसा तुम्हाला कोणत्या महिन्यात, कोणत्या साली लागणार?" त्याचं उत्तर मिळालं की सेबीने २०१७ साली आखून दिलेल्या ३६ प्रकारांपैकी तीसेक आपोआप गळून पडतात. म्हणून तुमच्या ९ लाखांचे आधी तारखेप्रमाणे वाटे करू.

पहिला वाटा कुठल्याच फंडात जात नाही. शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के. ७० हजारांवर महिन्याला १,४०० आणि वर्षाला १६,८०० रुपये नुसतं व्याज. खात्रीने २४ टक्के देणारा फंड या देशात नाही. कोणी आहे म्हणाला तर तो ठग समजा. एफडी सुटली की आधी कृषी केंद्र मोकळं करा आणि वहीवर 'पूर्ण जमा' लिहून सही घ्या. पीककर्जाचं गणित मात्र वेगळं आहे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं. फुकटात मिळालेलं हे भांडवल हौसेने लवकर फेडू नका आणि मुदत चुकवूही नका.

दुसरा वाटा म्हणजे एका खरिपाचा पूर्ण खर्च: बी-बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी. त्यात घरातलं कोणी अचानक सावंगीला किंवा सेवाग्रामला भरती करावं लागलं तर लागणारी रक्कम मिळवा. तुमच्या ७ एकरांसाठी मी दीड ते दोन लाख धरतो, खरा आकडा तुम्हालाच ठाऊक. या पैशासाठी लिक्विड फंड बरा, आणि त्याबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे त्याचं नावच कोणी काढत नाही. त्यात कमिशन अगदी किरकोळ असतं, म्हणून असेल.

लिक्विड फंड तुमचा पैसा सरकारला, बँकांना आणि मोठ्या कंपन्यांना उसना देतो, पण जास्तीत जास्त ९१ दिवसांच्या कागदावर. मुदत इतकी छोटी, की व्याजदर वर गेले काय किंवा खाली आले काय, एनएव्ही फारशी हलत नाही. सात दिवसांच्या आत काढला तर नाममात्र भार लागतो, नंतर काही नाही. आज दुपारच्या आत अर्ज दिला तर सहसा पुढच्या कामकाजाच्या दिवशी पैसा खात्यात येतो. बऱ्याच कंपन्या दिवसाला ५० हजारांपर्यंतची रक्कम लगेच देतात, रात्री-अपरात्रीही. परतावा बचत खात्यापेक्षा बरा आणि एफडीच्या आसपास असतो. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत कापसाचा चुकारा आला, जूनपर्यंत तो पैसा नुसता पडून राहणार, तर त्या पाच-सहा महिन्यांसाठी ही जागा ठीक आहे. तरी त्यातले २५-३० हजार साध्या बचत खात्यातच राहू द्या. रेंज नसताना, ओटीपी येत नसताना लिक्विड फंड उपयोगाचा नाही.

आणि हो, हमी इथेही नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या कंपनीचे हप्ते थकले. महिनाभर आधीपर्यंत तिला सर्वोच्च पत होती. तिचे कागद ज्या काही लिक्विड फंडांकडे होते त्यांनाही फटका बसला. म्हणून लिक्विड फंड घेताना अर्धा टक्का जास्त देणारा शोधू नका. मोठा फंड घ्या आणि त्याच्या महिन्याच्या माहितीपत्रकात सरकारी हुंड्या आणि बँकांचे कागद जास्त आहेत ना, एवढं बघा.

तिसरा वाटा मुलीचा. ती नववीत आहे, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेशाला तीन-साडेतीन वर्षं राहिली. सुकन्या समृद्धीचं खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं, ती वेळ गेली. हा पैसा ज्या जून-जुलैत लागेल त्याच जून-जुलैत लागेल. बाजार पडलाय म्हणून कॉलेज फी पुढे ढकलत नाही. म्हणून या ३ लाखांना शेअर बाजाराचा वारा लागू द्यायचा नाही. इथे बँकेची एफडी किंवा डेट फंड (पैसा शेअरांत न घालता व्याजाने उसना देणारा), हे दोनच पर्याय.

डेट फंडात लोकांचा घोळ होतो. 'डेट' म्हणजे सुरक्षित असं डोक्यात बसलेलं असतं. यात दोन धोके असतात आणि ते वेगवेगळे असतात. पहिला मुदतीचा. फंडाने लांब मुदतीचे रोखे घेतले आणि व्याजदर वाढले, तर हातातल्या जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांचा भाव पडतो. ढोबळ हिशेब असा: फंडाचा 'ड्युरेशन', म्हणजे ढोबळमानाने रोख्यांची सरासरी मुदत, ७ वर्षं असेल आणि बाजारातले दर १ टक्क्याने वाढले, तर एनएव्ही ७ टक्क्यांच्या आसपास खाली येते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा लांब मुदतीच्या गिल्ट, म्हणजे सरकारी रोख्यांच्या, फंडवाल्यांचे चेहरे उतरले होते. सरकारी रोखे बुडत नाहीत हे खरं, पण त्यांचा भाव पडतोच.

दुसरा धोका पत बुडण्याचा, म्हणजे उसने घेणाऱ्याने पैसे परतच न करण्याचा. क्रेडिट रिस्क नावाचा जो प्रकार आहे, तो नियमाप्रमाणेच किमान ६५ टक्के पैसा दुय्यम पतीच्या कंपन्यांना देतो, कारण त्या व्याज जास्त देतात. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पल्टनने कमी पतीच्या कागदांवर उभ्या असलेल्या सहा डेट योजना एकाएकी बंद केल्या. पुढे पैसे टप्प्याटप्प्याने परत मिळाले, पण ज्यांनी लग्नाची तारीख धरून ते ठेवले होते त्यांच्या त्या तारखेला ते काय कामाचे? गावातल्या माणसाने क्रेडिट रिस्क फंड घेऊच नये, हे माझं स्पष्ट मत. तीन वर्षांसाठी डेट फंड घ्यायचाच तर शॉर्ट ड्युरेशन किंवा बँकिंग अँड पीएसयू या प्रकारातला घ्यावा.

आता एफडी की डेट फंड? शहरातल्या पगारदाराला डेट फंड पूर्वी कराच्या सवलतीमुळे परवडायचा. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाचा नफा कितीही वर्षांनी काढला तरी त्याच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे करपात्र ठरतो, म्हणून त्याचा उत्साह मावळला. तुमचं तसं नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त, बाकी करपात्र उत्पन्न फारसं नाही, म्हणजे तुम्हाला त्या बदलाने फार फरक पडत नाही. तरी मुलीच्या पैशासाठी मी तुम्हाला राष्ट्रीयीकृत बँकेची तीन वर्षांची एफडीच सुचवीन. दर कळलेला, तारीख ठरलेली आणि बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण. ते संरक्षण गावातल्या पतसंस्थेला नसतं, तेव्हा एक टक्का जास्त मिळतो म्हणून हा पैसा पतसंस्थेत नेऊ नका.

उधारी, खरीप-दवाखाना आणि मुलगी, हे तिन्ही वजा केल्यावर हातात साधारण साडेतीन लाख राहतात. या पैशाला सात-आठ वर्षं हात लावायचा नाही अशी घरात बोली झाली, तरच शेअरचे, म्हणजे इक्विटी फंड. बोली झाली नाही तर पुढचं वाचून उपयोग नाही, सरळ एफडी करा.

लार्ज, मिड आणि स्मॉल यांचा अर्थ सेबीने पक्का ठरवून दिला आहे. बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्या लार्ज, १०१ ते २५० मिड, २५१ पासून पुढच्या सगळ्या स्मॉल. लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के पैसा पहिल्या शंभरात ठेवावा लागतो, मिड आणि स्मॉल कॅप फंडांना आपापल्या गटात किमान ६५ टक्के. तुमचा भाचा स्मॉल कॅपचे मागच्या काही वर्षांचे आकडे दाखवत असेल आणि ते आकडे खरेही असतील. त्याला जानेवारी २०१८ ते मार्च २०२० या काळातले आकडे काढायला सांगा. स्मॉल कॅप निर्देशांक त्या दोन-सव्वादोन वर्षांत निम्म्याहून जास्त खाली आला होता. १ लाखाचे ५० हजार झाले की परत १ लाख व्हायला ५० टक्के वाढून भागत नाही, दुप्पट व्हावं लागतं. आणि तो काळ पडत्या दिवसांतही दर महिन्याला पगार येणाऱ्याचा नव्हे, तुमचा म्हणून बघा: २०१७ च्या खरिपात बोंडअळीने कापूस खाल्ला, त्याच्या पाठोपाठ फंडही निम्मा. त्या वेळी तो विकल्यावाचून तुम्हाला गत्यंतर राहिलं असतं का?

माझं म्हणणं असं आहे, की कोरडवाहू कापूस हाच तुमचा स्मॉल कॅप आहे. पाऊस, अळी, भाव, तिन्ही तुमच्या हाताबाहेर. चांगल्या साली भरभरून, वाईट साली मुद्दलही नाही. पुण्याच्या भाच्याची कमाई स्थिर आहे, म्हणून त्याच्या फंडाने उड्या मारल्या तरी त्याचं घर चालतं. तुमची कमाईच उड्या मारते, तर वावराबाहेरचा पैसा जरा जमिनीला धरून असावा. भाच्याचा सल्ला त्याच्यासाठी बरोबर आहे.

लार्ज कॅपही पडतात. २०२० च्या जानेवारीत १२,४०० च्या वर असलेला निफ्टी मार्चमध्ये ७,६०० च्या आसपास आला होता. त्याआधी २००८ साली सेन्सेक्स २१ हजारांवरून ऑक्टोबरात ८ हजारांच्या घरात उतरला. पण अव्वल शंभर कंपन्या पडतात तशा सावरण्याचीही शक्यता जास्त असते, आणि विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक मिळतं. छोट्या कंपन्यांत पडत्या बाजारात घेणाराच नसतो. सोयाबीनला ओलावा दाखवून व्यापारी हात आखडता घेतात तो दिवस आठवा.

लार्ज कॅप घ्यायचाच असेल तर मी सरळ निफ्टी ५० चा इंडेक्स फंड घ्या म्हणतो. त्यात व्यवस्थापक स्वतःची अक्कल चालवत नाही. निर्देशांकातल्या ५० कंपन्या ज्या प्रमाणात आहेत त्याच प्रमाणात घेऊन बसतो. त्यामुळे खर्च अगदी कमी. लार्ज कॅपमधल्या हुशार म्हणवणाऱ्या बऱ्याच व्यवस्थापकांना खर्च वजा जाता निर्देशांकाच्या पुढे जाणं जमत नाही, हे वर्षानुवर्षं दिसतं आहे. माझ्यासारख्याला इंडेक्स फंडात फारसं काही मिळत नाही, तेव्हा हे वाक्य माझ्या पोटावर पाय देऊन लिहिलंय असं समजा.

फ्लेक्सी कॅप म्हणजे व्यवस्थापकाला लार्ज-मिड-स्मॉल कशातही जायची मोकळीक. मल्टी कॅप नावाने जवळचा, पण त्याला तिन्ही गटांत प्रत्येकी किमान २५ टक्के ठेवावेच लागतात, म्हणजे चौथाई हिस्सा स्मॉल कॅपचा असणारच. दोन नावांत गफलत करू नका. ईएलएसएस हा कर वाचवण्यासाठीचा इक्विटी फंड तीन वर्षं अडकतो आणि त्याची करवजावट जुन्या करपद्धतीतच मिळते. तुम्हाला कर नाही, तर तो घेण्याचं कारणही नाही. एकाच धंद्याचे, म्हणजे फार्मा, आयटी, संरक्षण असे फंड तर सोडूनच द्या. ते पेपरात गाजायला लागतात तोवर त्यांची चलती बहुधा होऊन गेलेली असते.

आता बँकेतल्या साहेबांचा बॅलन्स्ड अ‍ॅडव्हांटेज. हा हायब्रीड गटातला प्रकार. शेअर महाग वाटले की कमी करायचे, स्वस्त वाटले की वाढवायचे, असं सूत्र. त्याला शेअर किती ठेवायचे याची खालची-वरची मर्यादा नाही. त्यामुळे एकाच नावाच्या दोन कंपन्यांच्या फंडांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. माहितीपत्रकात 'इक्विटी ६७ टक्के' दिसतं, पण त्यातला काही भाग वायदे बाजारात उलटा सौदा करून झाकलेला असतो. इक्विटीचा कर लागू व्हावा म्हणून ६५ ची रेषा कागदावर राखलेली असते. खरा उघडा हिस्सा ३०-४० टक्केही असू शकतो. 'नेट इक्विटी' असा वेगळा आकडा दिलेला असतो, साहेबांना तो विचारा. सांगता आला तर साहेबांनी फंड वाचलाय.

तुमच्यासाठी हा प्रकार वाईट नाही. उलट बाजार कधी न पाहिलेल्या माणसाला पहिली पडझड सोसायला तो बरा पडतो, कारण घसरण कमी असते. अ‍ॅग्रेसिव्ह हायब्रीडमध्ये शेअर ६५ ते ८० टक्के असतात. तो 'हायब्रीड' नावाने सौम्य वाटला तरी मार्च २०२० मध्ये चांगलाच आपटला होता. माझा आक्षेप आहे तो हे फंड 'महिन्याला एक टक्का मिळेल' असं सांगून विकण्याला. दर महिन्याला लाभांश देणारा जो पर्याय असतो, त्याचं नाव सेबीने एप्रिल २०२१ पासून बदलायला लावलं. आता त्याला आयडीसीडब्ल्यू म्हणतात आणि त्या नावातच भांडवल काढून देण्याचा उल्लेख आहे. तुमच्या खात्यात पैसे आले की तेवढ्याने एनएव्ही खाली येते. फॉर्मवर 'ग्रोथ' या चौकटीत खूण करा. महिन्याचे पैसे पुढे लागलेच तर ठरावीक रक्कम काढण्याची एसडब्ल्यूपी नावाची सोय असते, ती तेव्हा बघू.

एसआयपीबद्दल, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम फंडात टाकण्याबद्दल, माझं गावातल्या लोकांशी नेहमी वाजतं. टीव्हीवर जाहिरात बघून शेतकरी जानेवारीत येतो, हातात तुरीचे पैसे असतात, ५ हजारांची मासिक एसआयपी लावून जातो. जुलै उजाडला की खात्यात दमडी नसते. हप्ता परत जातो. फंड कंपनी त्याचा दंड लावत नाही, बँक मात्र दर वेळी काही शे रुपये कापते. सलग तीन महिने हप्ता चुकला की एसआयपी रद्द. माणूस मग म्हणतो, म्युच्युअल फंडाने मला लुटलं. पासबुक उघडून ओळ दाखवली की कळतं, कापले ते बँकेने.

मासिक एसआयपी महिन्याच्या पगाराला शोभते. तुमच्या घरात महिन्याचं मानधन येतं ते अंगणवाडी सेविका असलेल्या ताईंच्या खात्यात. तेव्हा ५०० किंवा १,००० ची एसआयपी त्यांच्या नावाने, त्यांच्या खात्यातून, मानधन जमा होऊन आठवडा गेल्यानंतरच्या तारखेला लावा. मानधन कधीमधी लांबतं, ते ध्यानात घेऊन मागचा एक हप्ता खात्यात शिल्लक असू द्या. तुमच्या स्वतःसाठी एसटीपी. चुकारा आला की रक्कम एकदम लिक्विड फंडात टाकायची आणि तिथून दर महिन्याला ठरलेली रक्कम त्याच कंपनीच्या इक्विटी फंडात वळवायची. पैसा आधीच आत असल्याने हप्ता चुकण्याचा प्रश्न येत नाही, आणि वाईट सालात कापूस घेणाऱ्या सीसीआयचे पैसे लांबले तरी तुमच्या नावाने दंड लागत नाही. मोबदल्याच्या साडेतीन लाखांनाही हाच रस्ता: लिक्विडमध्ये ठेवून दरमहा २० हजारांप्रमाणे दीड वर्षात आत. अर्धे निफ्टी इंडेक्समध्ये, अर्धे एका फ्लेक्सी कॅपमध्ये किंवा बॅलन्स्ड अ‍ॅडव्हांटेजमध्ये. दोन फंड पुष्कळ झाले. माझ्याकडे १४ फंडांची विवरणपत्रं घेऊन लोक येतात आणि उघडून बघावं तर सगळ्यांत त्याच चार बँका आणि तीच रिलायन्स.

खर्चाचं बोलायला हवं, कारण ते माझ्या धंद्याचं आहे. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाचे दोन प्लॅन असतात. रेग्युलरमध्ये माझं कमिशन असतं, डायरेक्टमध्ये नसतं. इक्विटी फंडात दोन्हींत अर्धा ते एक टक्का फरक सहज पडतो. समजा ५ लाख १५ वर्षं ठेवले. १२ टक्क्यांनी २७ लाख ३७ हजार होतात आणि ११ टक्क्यांनी २३ लाख ९२ हजार. हे दर केवळ हिशेबासाठी धरले आहेत, तेवढे मिळतीलच असं नाही. पण फरक बघा, जवळजवळ साडेतीन लाख. भाचा कागदपत्रं बघून द्यायला तयार असेल आणि मार्च २०२० सारख्या दिवशी तुम्ही घाबरून सगळं विकणार नाही याची खात्री असेल, तर डायरेक्ट घ्या. ती खात्री नसेल तर पैसे घेऊन तुमचा हात धरणारा माणूस महाग पडत नाही, पण त्याने त्या दिवशी फोन उचलायला हवा.

रिस्कोमीटरवर, म्हणजे फंडाच्या कागदावर जोखीम दाखवणाऱ्या तबकडीवर, विसंबू नका. त्याच्या सहा पायऱ्या आहेत आणि निफ्टीचा फंड व स्मॉल कॅपचा फंड दोन्ही बहुतेक वेळा सर्वांत वरच्या पायरीवरच असतात, त्यामुळे त्या दोघांतला फरक त्यावरून कळत नाही. '१० रुपयांचा नवीन फंड स्वस्त' हेही खूळ आहे. १ लाखात १० च्या भावाने १० हजार युनिटं येतील, ५०० च्या भावाने २०० येतील. आतले शेअर १० टक्क्यांनी वाढले की दोन्हींकडे १ लाख १० हजारच होणार. उलट नव्या फंडाला मागचा काही इतिहास नसतो.

कर: इक्विटी फंड एक वर्षानंतर विकला तर वर्षाला सव्वा लाखाच्या नफ्यापर्यंत काही नाही, त्याच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. वर्षाच्या आत विकला तर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. पैसा शेतीतून आला म्हणून फंडाचा नफा शेतीचं उत्पन्न ठरत नाही, हा गैरसमज मी वारंवार ऐकतो.

बँकेत सही करण्याआधी कागदावर 'प्रीमियम', 'पॉलिसी' किंवा 'विमा रक्कम' हे शब्द आहेत का ते बघा. असतील तर तो फंड नाही, युलिप आहे, म्हणजे विम्याची योजना, आणि त्यात पाच वर्षं पैसा अडकतो. एका बँकेत अशीच सही करून आलेले लोक दरवर्षी माझ्यासमोर येऊन बसतात. म्युच्युअल फंडाच्या कागदावर फोलिओ नंबर असतो आणि वर योजनेचं नाव.

एफडी सुटायला वेळ असेल तर तोवर केवायसी उरकून घ्या. पॅन, आधार आणि बँक पासबुक, तिन्हींवर नाव एकाच स्पेलिंगचं हवं. ताईंचं पॅन माहेरच्या नावाचं आणि आधार सासरच्या नावाचं असेल तर आधी तेच दुरुस्त करा, त्याला वेळ लागतो. नॉमिनीची चौकट रिकामी सोडू नका. आणि एफडीच्या पावतीवर 'आपोआप नूतनीकरण' असं लिहिलंय का ते आजच बघा. असेल तर मुदत संपण्याआधी बँकेत लेखी अर्ज द्या, नाहीतर पैसा पुन्हा तेवढ्याच मुदतीला जाऊन बसेल आणि मोडताना दंड लागेल.